पहिली जागा

मला एका जागी बसवत नाही. हॉटेलात चहा सांगितला की तो येईपर्यंत मी दोनदा रस्त्यावर जाऊन येतो. कुणाच्या घरी टेकलोच तर डोळे आधी छताकडे जातात, मग खिडकीकडे, मग नळाकडे, आणि यजमान पाणी घेऊन येईस्तोवर माझ्या डोक्यात त्यांच्या घराची जाहिरात तयार झालेली असते. एकवीस वर्षं दहिसर-बोरिवलीत लोकांना जागा दाखवल्यावर माणसाचं असंच होतं. मागे सख्ख्या मेव्हण्याच्या साखरपुड्याला गेलो आणि तिथल्या सेक्रेटरीला लिफ्टबद्दल विचारत बसलो.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. पार्टीला एकदम चांगली जागा दाखवायची नाही. पहिली दाखवायची ती रडकी. दुसरी तिच्याहून बरी, पण एखादी मोठी खोट असलेली. आणि तिसरी, जी आपल्याला खपवायची असते ती. पहिलीतून वैतागून निघालेलं माणूस तिसरीत शिरलं की त्याचा चेहराच बदलतो. नवं लग्न झालेलं असताना ही युक्ती मी क्षमाला, म्हणजे माझ्या बायकोला, मोठ्या ऐटीत सांगितली होती. ती हसली नाही. पहिल्या घरात जे राहतात त्यांना काय वाटत असेल, एवढंच तिने विचारलं. मी म्हटलं, त्यांना कोण सांगायला जातंय.

खरी अडचण पहिल्या जागेचीच असते. घेणार नाहीत अशा माणसांसाठी कोण सारखं दार उघडणार? सहा वर्षांपूर्वी एका दुपारी अशीच पार्टी खाली उभी होती, ठरलेली चावी ऐनवेळी मिळाली नाही, आणि मी बिनधास्त त्यांना माझ्याच घरी नेलं.

माझं घर म्हणजे दहिसर पूर्वेला, नदीच्या अंगाला, जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर वन रूम किचन. लिफ्ट नाही. गिरणी बंद पडल्यावर हातात जे आलं त्यातून बाबांनी घेतलेलं. दारावर अजून त्यांचंच नाव आहे, मार्तंड परब. माझ्या कार्डावर नुसतं नितेश, त्यामुळे कुणाला शंका येत नाही. क्षमा बोरिवलीत एका दवाखान्यात रिसेप्शनला आहे, नऊला जाते ती सहाला येते. पोरगी दिवसभर कॉलेजात. दुपारी घर रिकामं असतं, चावी खिशात असते. एकदा जमलं म्हणून पुन्हा नेलं, आणि मग सवयच लागली.

हॉलमध्ये आमच्या लग्नाचा फोटो होता. तो मी उतरवून कपाटात ठेवला. क्षमाने विचारलं तेव्हा म्हणालो, भिंतीला ओल येते, फोटो खराब होईल. ओल येते हे खोटं नव्हतं.

पण रोज रोज नावं ठेवून मला ते घर तसंच दिसायला लागलं. संध्याकाळी पाचला आलो की पश्चिमेचं ऊन टोचायचं, स्वयंपाकघर अंगावर यायचं, नदीचा वास नाकातून जायचा नाही. मग चप्पल घालून पुन्हा बाहेर. दर दिवाळीला क्षमाला सांगायचो, पुढच्या वर्षी आपण इथून हललोच म्हणून समज. ती म्हणायची, मी कधी म्हटलं हलूया? मला वाटायचं, बिचारी मनाची समजूत घालतेय.

गेल्या महिन्यात नलिनी सिस्टर आल्या. सरकारी इस्पितळातून नर्स म्हणून निवृत्त झालेल्या, एकट्या. नोकरी संपली तसं क्वार्टरही सुटलं, आणि तीन महिने त्या वाकोल्याला भाच्याच्या घरी एका कोपऱ्यात बॅगा घेऊन राहत होत्या. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं घर घ्यायचं होतं त्यांना. चेक नाक्याजवळची एक जागा मी त्यांच्यासाठी मनात पक्की केली होती. ती अर्थातच तिसरी.

रिक्षात असताना क्षमाचे दोन फोन आले. पार्टी सोबत असली की मी घरचा फोन घेत नाही. दोन्ही कट केले.

जिना चढताना सिस्टरना दम लागला, ते माझ्या पथ्यावरच पडलं. मालक बाहेरगावी असतात, असं नेहमीप्रमाणे सांगून मी चावीने लॅच उघडलं आणि सुरू झालो. ऊन सांगितलं, वास सांगितला, ओलीवर हात फिरवून दाखवला. सिस्टर स्वयंपाकघरात गेल्या. मी मागोमाग.

"आणि हा ओटा बघा," मी म्हणालो. "केवढा बुटका. कुणा येड्याने बांधलाय कुणास ठाऊक."

गॅलरीच्या दारात क्षमा उभी होती. हातात वाळलेले कपडे. डॉक्टर कुठल्याशा लग्नाला गेले म्हणून दवाखाना दुपारीच बंद झाला होता, आणि तेच सांगायला ती फोन करत होती. आता ही तोंडावर पाणउतारा करणार, अशी माझी खात्री होती.

सिस्टरनी तिला विचारलं, तुम्ही मालकीण का.

"नाही हो, मी इथे राहते फक्त," क्षमा म्हणाली. "मालक बाहेरगावी असतात. घरी आले तरी बाहेरगावीच असतात."

मग तिने कपडे पलंगावर ठेवले आणि सिस्टरना घर दाखवलं. माझ्यासारखं नाही. ऊन चारला येतं, साडेपाचला सरकतं, तेवढ्यात सांडगे छान वाळतात. वास मे महिन्यात आठ-दहा दिवस येतो, बाकी वर्षभर नदीकडून वारा. त्या भिंतीला मात्र कपाट लावू नका, ओल खरीच आहे. काही लपवलं नाही तिने. मी दाराशी पाहुण्यासारखा उभा होतो, आणि इतक्या वर्षांत साडेपाचला ऊन सरकतं हे मला माहीत नव्हतं.

शेवटी ती ओट्यापाशी आली. म्हणाली, लग्न होऊन आले तेव्हा जुन्या ओट्यावर टाचा उंचावून पोळ्या लाटायला लागायच्या. दुसऱ्याच महिन्यात मालकांनी न सांगता गवंडी आणला, स्वतः घमेली उचलली, ओटा फोडून माझ्या मापाने खाली घेतला. आठ दिवस गॅलरीत स्टोव्हवर जेवण केलं आम्ही.

"तेव्हा ते येडेच होते," ती म्हणाली. "पण भले होते."

सिस्टर क्षमाएवढ्याच बुटक्या. त्यांनी ओट्यावर दोन्ही तळवे टेकवले आणि बराच वेळ काढले नाहीत. क्वार्टरमध्ये एकतीस वर्षं त्या पाटावर उभं राहून स्वयंपाक करायच्या, असं त्यांनी सांगितलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, बाकीच्या दोन मी बघत नाही, मला हीच हवी, मालकांशी बोला.

"बोला ना," क्षमा मला म्हणाली. "तुमची भेट होते ना त्यांची?" लग्नाच्या एकोणीस वर्षांत तिने मला पहिल्यांदा तुम्ही म्हटलं.

"ही विकायची नाही," मी म्हणालो.

"मग दाखवलीत कशाला?" सिस्टरनी विचारलं.

शेवटी सांगितलं, हे माझं घर आहे, ही माझी बायको आहे, आणि पुढची जागा बरी वाटावी म्हणून मी आधी इथे आणतो. सांगताना माझी मान वर होईना. सिस्टरनी चपला घातल्या. मी सोडायला निघालो तर नको म्हणाल्या. क्षमाच्या पाठीवर एकदा हात ठेवला आणि कठडा धरून त्या एकट्याच खाली उतरल्या. त्यांना पुन्हा वाकोल्याला जायचं होतं, ते माझ्यामुळे.

क्षमा पलंगावर बसून कपड्यांच्या घड्या घालायला लागली.

"किती जणांना दाखवलंस?"

आठवत नाही, म्हटलं. धंद्यात बोलावं लागतं गं, असंही म्हटलं. तिने माझा शर्ट घेतला, बाह्या आत मोडल्या, घडीवर हात फिरवला.

"मग आता मला दुसरी दाखव," ती म्हणाली. "आणि मग तिसरी. पहिली बघून झाली माझी."

माझ्या बॅगेत चौदा जागांच्या चाव्या होत्या. मी या भागातली झाडून सगळी स्वयंपाकघरं पाहिली आहेत, आणि तिच्या मापाचा ओटा यातल्या एकाही घरात नाही. मला तिला हेच सांगायचं होतं. तोंड उघडलंही. पण तिने वर पाहिलं आणि माझ्या लक्षात आलं की मी काहीही चांगलं बोललो तरी आता तिला ते जागा दाखवणाऱ्याचं बोलणं वाटणार.