नुर्किसच्या पायाचा रंग

मित्रांनो, मी एक जुना रंगमापक आहे. ताप मोजणारा थर्मामीटर तुम्हाला ठाऊक असतो, भाजीवालीचा तराजू ठाऊक असतो. माझे नाव मात्र तुमच्यापैकी एकानेही ऐकले नसेल. त्याचे मला आता काही वाटत नाही. मोठ्या लिंबाएवढा माझा देह, पाठीला एक वायर आणि तोंडाशी काच. संगणकाच्या पडद्यावर मला पालथा टेकवतात. पडदा माझ्यापुढे लाल, हिरवा, निळा, करडा असे एकेक रंग धरतो, मी ते मोजतो आणि तो कुठे खोटे बोलतो ते संगणकाला सांगतो. मग पडद्याला सुधारावे लागते. एवढेच माझे काम.

फ्रेमिओ मास्तरांनी मला राजधानीतल्या दुकानातून आणले. सान पेद्रो या आमच्या समुद्रकाठच्या गावात राहत्या घरीच ते फोटो काढत आणि आल्बम तयार करत. आमच्याकडे मुलगी पंधरा वर्षांची झाली की घरचे लोक लग्नासारखा थाट करतात. घेरदार झगा, केक, नाच आणि आल्बम. घरात पंखा नसला तरी चालेल, पण आल्बम हवा. मास्तरांचा पडदा तेव्हा पिवळसर झाकेचा होता. त्यावर सगळे ठीक दिसे आणि छापून आले की भलतेच निघे. एका आईने तर आल्बम टेबलावर आपटला होता. "माझी पोरगी काय बर्फातून उकरून काढलीत?" असे ती ओरडली, आणि मास्तर दुसऱ्याच दिवशी बसने राजधानीला गेले.

दुकानदाराने त्यांच्यापुढे दोघांना ठेवले. एक मी आणि दुसरा माझा श्रीमंत भाऊ. त्याच्या पोटात स्वतःचा दिवा होता. त्यामुळे तो पडद्याबरोबर कागद, कापड, माणसाची कातडीसुद्धा मोजत असे. माझ्या पोटात दिवा नाही. समोरची वस्तू स्वतः उजेड देत असेल तरच मला दिसते.

"दिव्याचा घ्या, मास्तर. पुढेमागे उपयोगी पडेल," दुकानदार म्हणाला.

"माझं काय कापडाचं दुकान आहे? मला पडदा मोजायचाय. बाकीच्याला माझे डोळे आहेत की!"

अशी माझी निवड झाली. तेव्हा मला त्याचा अभिमान वाटला होता, हे आज सांगायलाही लाज वाटते.

पहिली तीन वर्षे माझी चैन होती. दर सोमवारी सकाळी मास्तर मला पडद्यावर टेकवत. समुद्राच्या दमट हवेने माझ्या काचा खराब होतील म्हणून त्यांच्या बायकोने, तातिकाने, मला झाकणाच्या बरणीत ठेवले आणि तळाशी तांदळाचे दाणे टाकले. मिठाला पाणी सुटू नये म्हणून ती मिठाच्या डबीत टाकते तसेच. छापलेले फोटो आता पडद्याबरहुकूम येऊ लागले. आयाबाया मास्तरांचे हात धरून कौतुक करत. मास्तर बरणीकडे बोट दाखवून म्हणत, "माझं नाही, त्याचं कौतुक करा."

मग नुर्किसचा आल्बम आला.

नुर्किसची आई लहानपणीच गेली. साखर कारखान्यात काट्यावर काम करणाऱ्या बापाने, एलिखिओने, तिला एकट्याने वाढवले होते. बापलेकीचा रंग अगदी एक होता, गडद आणि तुकतुकीत. तो तिला लाडाने 'काळे' म्हणून हाक मारी आणि ती 'ओ' देई. सोहळ्याचा खर्च मात्र न्यूयॉर्कहून आलेल्या मिलेदिस मावशीने केला होता. त्यामुळे फोटो निवडायला मास्तरांच्या शेजारची खुर्ची तिने घेतली आणि बापलेक मागे बाकावर बसले.

पडद्यावर नुर्किस आली. गुलाबी झगा, डोक्यावर छोटा मुकुट, आणि ती होती तशीच.

"तुमचा पडदा काळपट आहे, मास्तर," मावशी म्हणाली.

"पडदा मोजलेला आहे, बाई. कालच मोजलाय."

"मग तुमचा मोजणाराच बिघडलाय. आमच्या घराण्यात कोणी काळं नाही. माझी भाची गव्हाळ आहे."

मावशीने स्वतः चेहऱ्याला पावडर चोपडली होती. ती कानापर्यंतच पोचली होती. कानामागे मावशीही नुर्किसच्याच रंगाची होती. तातिका तिथेच बसून केळी सोलत होती. ती म्हणाली, "मिलेदिस, मान वळव गं जरा, फोटो काढू दे." मावशीने ऐकले न ऐकल्यासारखे केले.

मास्तरांनी गल्लीतल्या दुसऱ्या फोटोवाल्याकडून त्याचा रंगमापक मागून आणला. त्याने माझ्यासारखेच सांगितले. मावशी हट्टाला पेटली होती. तिने ओळखीतल्या कोणाकडून तरी नवाकोरा, खोक्यातला तिसरा मागवला. त्यानेही तेच सांगितले. तिघांनी एकच साक्ष दिली, मित्रांनो, आणि तिघांनाही तिने वेड्यात काढले.

"तिघंही बिघडलेत!" ती म्हणाली आणि तिने आपला फोन पुढे केला. त्यातल्या भडक उजेडात नुर्किस फिकट दिसत होती. "हे बघा. हिला म्हणतात माझी भाची. असं मोजणारं एखादं यंत्र निवडा, मास्तर. जगात मिळत नाही होय?"

मास्तर हसले. मग त्यांनी मान डोलावली. न्यूयॉर्कमधल्या सगळ्या नातेवाइकांच्या मुलींचे आल्बम तुमच्याकडेच देते, असे ती मघाशी म्हणाली होती ना! त्यांनी माझी वायर काढली. मी सांगितलेले सगळे आकडे पुसले. पडदा डोळे दिपतील एवढा उजळ केला आणि वर नुर्किसची कातडी एकेक फोटो करून फिकी केली. संगणकात जागा उरली नव्हती, म्हणून मूळ फोटो पुसून त्याच नावाने नवे ठेवले. हे त्यांनी किती सहज केले! नुर्किसला कोणी काही विचारले नाही. ती बाकावर बसून नखे बघत होती.

एक फोटो राहिला होता. सोहळ्यात बाप मुलीपुढे गुडघा टेकतो, तिच्या पायातले सपाट बूट काढतो आणि उंच टाचांचे घालतो. मुलगी मोठी झाली, हे सगळ्यांदेखत त्याच्या हाताने ठरते. त्या फोटोत एलिखिओच्या तळव्यावर नुर्किसची टाच होती. हात कुठे संपतो आणि पाय कुठे सुरू होतो, ते चटकन कळत नव्हते. मास्तरांनी पाय फिका केला आणि ते थांबले.

"बापाचं काय करायचं?" त्यांनी हळूच विचारले.

"त्याला राहू दे तसाच. पुरुषाला चालतं."



आल्बम न्यायला एलिखिओ एकटाच आला. इस्त्रीचा सदरा घालून आला होता. त्याने सगळी पाने उलटली आणि बुटांच्या पानावर तो बराच वेळ थांबला.

"हा बूट घालणारा गडी कुणाचा?" त्याने विचारले. "चांगला दिसतोय. जागा रिकामी असेल तर मीही अर्ज करतो."

मास्तर मोठ्याने हसले. एलिखिओ हसला नाही. त्याने आल्बम काखेत मारला, आभार मानले आणि तो गेला. मला तेव्हा मास्तरांचा एवढा राग आला की ते मला पुन्हा पडद्यावर टेकवतील तर मुद्दाम चुकीचे आकडे सांगावेत असे वाटले. पण त्यांनी टेकवलेच नाही. उजळलेला पडदा गिऱ्हाइकांना फार आवडू लागला होता. माझी बरणी लोणच्याला गेली आणि मी खणात पडलो, जुन्या किल्ल्या आणि वाळलेल्या पेनांबरोबर. तांदळाचे दाणे कोणी टाकले नाहीत. खाऱ्या हवेने माझ्या काचा पिवळ्या पडल्या.

दीड वर्षाने खण उघडला. बाहेर नुर्किस उभी होती, सुतकाच्या काळ्या कपड्यांत. एलिखिओ कारखान्यातच छातीत कळ येऊन गेला होता.

"मास्तर, मला तो बुटांचा फोटो हवा," ती म्हणाली. "पहिला. तुम्ही रंगवायच्या आधीचा. बाबांचा माझ्याबरोबर एवढाच धड फोटो आहे, आणि त्यात मी त्यांची वाटत नाही."

मास्तरांनी संगणक उलटापालटा केला. मूळ फोटो कुठेच नव्हता. कसा असेल? त्यांनी स्वतःच्या हाताने पुसला होता.

"मी पुन्हा गडद करून देतो ना, पोरी," ते घाईघाईने म्हणाले. त्यांनी पाय गडद केला. तो राखेसारखा दिसू लागला. थोडा लाल केला, तर विटेसारखा दिसू लागला. नुर्किसने चप्पल काढली आणि पाय खुर्चीवर, पडद्याशेजारी ठेवला. "हा बघा. असा हवा." मास्तर एकदा पायाकडे बघत, एकदा पडद्याकडे. पण त्यांच्या त्या डोळ्यांना आता दीड वर्षाच्या उजळ पडद्याची सवय झाली होती.

तातिका दारातून म्हणाली, "आता का घाम फुटला? तेव्हा दुकानातून येऊन ऐटीत सांगितलं होतंत ना, बाकीच्याला माझे डोळे आहेत!"

शेवटी त्यांनी मला खणातून काढले, वायर लावली आणि नुर्किसच्या पावलावर पालथे टेकवले. मला कातडी मोजता येत नाही, हे त्यांनाही ठाऊक होते. दुकानदाराने सांगितलेले ते विसरले नव्हते. तरी त्यांनी टेकवले, कारण दुसरे काही सुचत नव्हते. मित्रांनो, ती कातडी ऊबदार होती. माणसाला मी कधीच स्पर्श केला नव्हता. मी होते नव्हते ते सगळे बळ लावले. पण पायाला स्वतःचा उजेड नसतो आणि माझ्या पोटात दिवा नाही. मला नुसता काळोख दिसला, आणि संगणकावर त्याचाच आकडा उमटला, शून्य.

"शून्य म्हणजे काय?" नुर्किसने विचारले.

"म्हणजे... काळं," मास्तर म्हणाले. "पूर्ण काळं."

ती थोडी हसली.

"मग बरोबर आहे की. बाबा मला हेच म्हणायचे." तिने पाय खाली घेतला आणि चप्पल घातली. "हे छापता येईल का, मास्तर?"

मास्तरांनी माझी वायर काढली. दार ओढून घेऊन ती निघून गेली.

मी पुन्हा खणात आहे. मला बरणीत ठेवा, तांदूळ घाला, असे मी आता कोणाला सांगणार नाही. माझ्या काचा गेल्या त्या गेल्या. पण मित्रांनो, तुमच्या घरात कोणाचा फोटो असेल, आणि तो उजळ करून द्या असे कोणी म्हणाले, तर आधी मूळ फोटो कुठेतरी वेगळा ठेवा. माझ्या मास्तरांना तेवढेही जमले नाही.