आहे तेच सुधारा

फरीदाबादच्या घरात टीव्हीखाली एक काळा डबा होता. तो श्यामकांत पोतनिसांनी निवृत्तीनंतर स्वतः जुळवला होता. दिल्लीला नेहरू प्लेसच्या कॉम्प्युटर बाजारातून एकेक सुटा भाग आणायचा, जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरून तो बसवायचा, असं दोन महिने चाललं. शेवटी एका दुपारी टीव्हीवर निळा पडदा आला आणि हेमलताबाईंना ओट्यापासून हाक मारून बोलावण्यात आलं. आत लिनक्स होतं. म्हणजे काय, ते त्यांनी बाईंना तीनदा समजावलं होतं. बाईंना एवढंच कळलं की ते फुकट मिळतं, कुणा एकाच्या मालकीचं नसतं, आणि त्यात आपल्या मनासारखं काहीही बदलता येतं. हे शेवटचं श्यामकांतांना फार आवडलं होतं.

डबा मालिका टिपून ठेवी, रेडिओ टिपून ठेवी, मयुराच्या लग्नाची चित्रफीत दाखवी. लाइट गेली तर इन्व्हर्टरवर तग धरी. सेक्टरातली चार मराठी घरं शनिवारी त्याच्यापुढे जमत.

मग मार्चमध्ये श्यामकांतांना झटका आला. सौम्य, असं डॉक्टर म्हणाले. उजवा हात अशक्त झाला आणि बोलताना शब्द सापडेनासे झाले. गोळ्यांच्या डब्या हेमलताबाईंनी ताब्यात घेतल्या, बँक मयुराने घेतली, स्कूटर सोसायटीतल्या अंबादासला देऊन टाकली. जे केलं ते सगळं गरजेचंच होतं. पण एकेक गोष्ट काढून घेताना ते काही बोलत नसत, आणि बाईंना तेच खुपायचं. भांडले असते तर बरं वाटलं असतं. चौतीस वर्षं केंद्र सरकारच्या खात्यात ज्यांनी भल्याभल्या साहेबांच्या फायली परत पाठवल्या, ते आता बाल्कनीत बसून समोरच्या इमारतीची वाळत घातलेली धुणी बघत.

दिवाळीच्या सुमारास डब्यालाही काहीतरी झालं. आठवड्याच्या कार्यक्रमांची यादी आपोआप उतरत असे, ती बंद झाली. जावयाने, चिन्मयने, गुडगावहून फोनवर निदान केलं: आतली आवृत्ती फार जुनी झाली आहे, तिला आता बाहेरून काही मिळत नाही. रविवारी येतो, सगळं पुसून नवं टाकतो, तासाभराचं काम. बाईंनी ते श्यामकांतांना सांगितलं. ते म्हणाले, "करा. नवं करा."

त्या तीन शब्दांनी बाईंची झोप गेली. घरात एवढी एकच वस्तू उरली होती, जिच्याबद्दल कुणी काही विचारलं तर उत्तर त्यांच्याकडे जाऊन मागावं लागे. जावयाने नवं टाकलं की ती जावयाची होणार. मग रिमोट चालेना तर फोन गुडगावला.

रविवारी चिन्मय आणि मयुरा सकाळीच आले. चिन्मय पुण्याचा, कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, बोलायला गोड आणि हाताला चलाख. खिशातून पेन ड्राइव्ह काढून तो डब्याशी बसलासुद्धा. बाईंनी आधी पोहे खायला लावले. मग चहा. मग दुसऱ्यांदा चहा विचारला, तेव्हा मयुरा म्हणाली की आई, तुला काय सांगायचंय ते सांगून टाक.

"नवं नको," हेमलताबाई म्हणाल्या. "आहे तेच सुधारा."

जावयाला नाही म्हणायची ही त्यांची पहिलीच वेळ. चिन्मयने न रागावता समजावलं. सिनेमे, फोटो, लग्नाची फीत, सगळं वेगळ्या डिस्कवर आहे, त्यातलं काहीही जाणार नाही. जुन्याचं नवं करत जायचं म्हणजे एकदम उडी मारता येत नाही, दोन पायऱ्या चढाव्या लागतात. दिवस जातो, मधेच अडकू शकतं, आणि वर्षानुवर्षांचा कचरा आत तसाच राहतो. बिल्कुल फायदा नाही.

बाईंना त्यातलं एकही वाक्य खोडता येईना. त्यांना एकदम दिल्लीतलं नेताजी नगरचं सरकारी क्वार्टर आठवलं. तिथे स्वयंपाकघराच्या दाराशी, त्यांच्या कोपराच्या उंचीवर, श्यामकांतांनी एक बटण बसवून घेतलं होतं. दोन्ही हातांत भांडी असली तरी कोपराने दिवा लागायचा. त्र्याण्णव साली या स्वतःच्या घरात आले तेव्हा घर नवं कोरं, फरशी चकचकीत, केबलच्या बारा वाहिन्या. आणि बाई सहा महिने अंधारात भिंतीला कोपर घासत होत्या.

"नव्या घरात काय कमी होतं?" त्या म्हणाल्या. "सगळं होतं. फक्त जिथे हवं तिथे नव्हतं. आणि काय हवं होतं ते आधी कुणी विचारलं असतं, तर मला सांगताही आलं नसतं."

चिन्मयने सासूकडे पाहिलं, मग बाल्कनीकडे. पेन ड्राइव्ह खिशात ठेवला. "चलो," तो म्हणाला, "आधी पूर्ण डिस्कची एक प्रत काढून ठेवतो. मग बघू किती पायऱ्या चढवतात."

प्रत निघायलाच अकरा वाजले. मग पडद्यावर अक्षरांच्या रांगा धावू लागल्या. श्यामकांतांना दोनदा आत बोलावलं, त्यांनी डावा हात हलवून नको म्हटलं. बाई मटार सोलत जावयाशेजारी बसल्या. बाराच्या सुमारास रांगा थबकल्या. चिन्मयने सांगितलं की डबा काहीतरी विचारतोय: ही एक फाईल तुम्ही स्वतः बदललेली दिसते, तुमची ठेवू की नवी घेऊ? तो नवी घेणारच होता. पण सवयीने त्याने आधी दोन्हींतला फरक काय आहे तो उघडला, आणि वाचता वाचता पुढे वाकला.

फाईलमध्ये मराठी होतं. इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं, पण मराठी. चिन्मय मोठ्याने वाचू लागला. "हेमाच्या डोळ्याचे ऑपरेशन. अक्षराचा आकार चोवीसवरून छत्तीस केला. दुसरा डोळा झाल्यावर फेरविचार व्हावा. श्या. पो., चौदा आठ शून्य सात." त्याखाली आणखी एक ओळ होती. "दुसराही झाला. छत्तीसच राहावा. श्या. पो."

"अहो आई, ही तर सरकारी फाईल आहे," चिन्मय हसत म्हणाला. "जुनी ओळ पुसलेलीच नाही. पुढे खूण करून नुसती बंद केलीय."

बाईंना त्यात नवल वाटलं नाही. कार्यालयात काही पुसायचं नसतं, त्यांनी सांगितलं. चुकलं तर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि बाजूला सही-तारीख. घरच्या वाणसामानाच्या यादीतसुद्धा तूरडाळ खोडली की ते सही करत. मयुरा स्वयंपाकघरातून ओरडली की माझ्या प्रगतिपुस्तकावरही बाबांनी शेरा मारला होता.

जुनीच ठेवायची, असं ठरलं. रांगा पुन्हा धावल्या, पुन्हा थांबल्या. पडदा दहा मिनिटांनी काळा होत असे, तो चाळीस मिनिटांवर नेला होता: हेमा कणकेच्या हाताने रिमोट धरत नाही. पुढच्या फाईलमध्ये दुपारी दोन ते चार आवाज आपोआप कमी होत होता: वरच्या मजल्यावर बाळ आले आहे. ते बाळ आता पहिलीत जात होतं. ही दुपारची कुजबुज म्हणजे टीव्हीचा दोष, असं बाई सहा वर्षं समजत होत्या. आपल्याभोवती एवढा बंदोबस्त केला आहे, हे या माणसाने एका शब्दाने सांगितलं नव्हतं. त्या मटार सोलायच्या थांबल्या होत्या, हे मयुराने पातेलं उचलून नेलं तेव्हा त्यांच्या लक्षात आलं.

ठेवा, ठेवा, ठेवा, असं चाललं होतं. मग वेळापत्रकाची फाईल आली. रोज ठरल्या वेळी डब्याने काय करायचं ते तिच्यात होतं.

"सकाळी पाच पंचावन्न," चिन्मयने वाचलं. "रेडिओवरची भक्तिगीते टिपणे. आईला पहाटे जाग येत नाही, उठल्यावर विचारते. आवाज मोठा ठेवणे. श्या. पो." तो थांबला. "पण आजी तर..."

आजी, म्हणजे श्यामकांतांच्या आई, जाऊन अडीच वर्षं झाली होती. डबा मात्र रोज पहाटे जागा होत होता, गाणी टिपत होता, आठवड्याने जुनी पुसून नवीला जागा करत होता. पहाटे डब्याचा पंखा फिरल्याचा आवाज बाईंनी कितीदा ऐकला होता.

"हे काढू ना?" चिन्मयने हळू विचारलं. "आता कुणी ऐकत नाही."

ठेवा म्हणणं बाईंना जमलं असतं, काढा म्हणणंही. पण ती ओळ त्यांच्या डोळ्यांची किंवा कणकेच्या हाताची नव्हती. त्या उठून बाल्कनीत गेल्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "तुमच्या सहीचा कागद आलाय. आमच्यापैकी कुणाला अधिकार नाही."

श्यामकांतांनी मान वळवली. ही थट्टा आहे की काय, ते त्यांनी बायकोच्या चेहऱ्यावर शोधलं. मग काठी मागितली.

चिन्मय खुर्चीवरून उठला. ते बसले, चष्मा पुढे-मागे केला, ओळ वाचली. पुन्हा वाचली. पहाटेचं ते काम अडीच वर्षं का थांबवलं नाही, हे कुणी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. फाईल उघड, अशी त्यांनी बोटाने खूण केली. मग डाव्या हाताच्या एका बोटाने, अक्षर शोधत शोधत, ते टंकू लागले. चिन्मयचा हात दोनदा पुढे आला आणि मयुराने दोनदा तो मागे ओढला. ओळीपुढे बंद केल्याची खूण लागली. खाली लिहिलं गेलं: आई नाही. काम बंद. मग श्या, मग टिंब, मग पो. तारखेला सगळ्यात जास्त वेळ लागला.

बाईंच्या हातात पदराचं टोक होतं. ते त्यांनी सोडलं आणि नुसत्या उभ्या राहिल्या.

"पुढचं," श्यामकांत म्हणाले.

ते त्या खुर्चीवरून उठले नाहीत. मटारभात बशीतून तिथेच आला. दुसरी पायरी चार वाजता चढून झाली, डबा बंद होऊन पुन्हा सुरू झाला, निळा पडदा आला, छत्तीसच्या आकाराची मोठी अक्षरं आली. यादी उतरली. लग्नाची फीत लावून पाहिली. नवरी हसत होती, भटजी ओठ हलवत होते आणि आवाज अजिबात नव्हता.

चिन्मयचा चेहरा पडला. असं होतं म्हणूनच मी म्हणत होतो, असं तो म्हणाला नाही, हे बाई पुढे कित्येकदा त्याच्या बाजूने सांगत. तो डब्यापुढे वाकला. "पाच मिनिटं द्या, मी..."

"राहू दे," श्यामकांत म्हणाले. शब्द गोळा करायला त्यांना वेळ लागला, आणि तो सगळ्यांनी दिला. "ते मी बघतो."

चिन्मयने सासूकडे पाहिलं. बाईंनी त्याच्या हातात निघताना द्यायचा लाडवांचा डबा कोंबला.

त्या संध्याकाळी हेमलताबाईंनी आपली मालिका आवाजाशिवाय पाहिली. शेजारी श्यामकांत वही उघडून बसले होते, डाव्या हाताने वेडीवाकडी अक्षरं काढत. पडद्यावर सून सासूला तावातावाने काहीतरी सुनावत होती.

"काय म्हणतेय हो ती?" बाईंनी विचारलं.

त्यांनी वर पाहिलं, नीट विचार केला.

"तेच," ते म्हणाले. "कालचंच."

बाई हसल्या. आवाज यायला पुढे नऊ दिवस लागले. चिन्मय रोज फोन करून विचारी, आणि त्या रोज त्याला सांगत की काम चालू आहे, घाई नाही.