दुसरी केबल कशासाठी होती

या, जरा जवळ सरका. एक गोष्ट सांगते. ऐकून तुमच्या अंगाचा तिळपापड झाला नाही, तर दोष माझ्या सांगण्याचा.

माझी धाकटी जाऊ इस्पितळाच्या सर्व्हर-खोलीत काम करते. तिथे दोन सर्व्हर. एक कोसळला की दुसऱ्याने काम उचलायचं, या जोडीला क्लस्टर म्हणतात. रक्तपेढीची माहिती मात्र दोघांत मिळून एकाच डिस्कवर, आणि तिच्याकडे जायला मुद्दाम दोन रस्ते, दोन केबल. एक गेली तर दुसरी आहेच.

परवा भर दुपारी सफाईवाल्या मावशी तिथली फरशी पुसत होत्या. काठीचा धक्का लागला, डिस्कची एक केबल निसटली आणि रक्तपेढीचे स्क्रीन काळे पडले. जाऊचे साहेब धावत आले. सगळ्यांदेखत मावशींना म्हणाले, "डोळे फुटलेत का? उद्यापासून येऊ नका." मावशी बादली उचलून निघून गेल्या.

जाऊ घरी आली ती धुमसतच. "ताई, मग दुसरी केबल काय शोभेला होती?"

"मला विचारतेस? मी मिक्सरच्या पलीकडे कशाला हात लावत नाही."

"अहो, दोन रस्त्यांनी बघितलं की एकाच डिस्कची दोन नावं दिसतात. मल्टीपाथ नावाचं सॉफ्टवेअर दोन्ही रस्ते एकत्र बांधून तिला एकच नाव देतं. क्लस्टरला तेच नाव सांगायचं असतं. साहेबांनी दोन्ही सर्व्हरना पहिल्या रस्त्याचं नाव सांगून ठेवलेलं. तो रस्ता तुटला, क्लस्टर समजलं डिस्कच गेली. दुसरा धडधाकट होता, पण त्याला विचारतंय कोण."

"म्हणजे वाटेलाच देव मानून बसले," मी म्हटलं. "वाट बुजली, की म्हणे देवच नाही."

"आणि शिक्षा पायरी झाडणारीला."

दुसऱ्या दिवशी रक्तपेढीला आधी कळवून तिने क्लस्टरमध्ये मल्टीपाथचं नाव घातलं. मग साहेबांसमोर तीच केबल स्वतःच्या हाताने उपसली. स्क्रीन चालूच.

"आता मावशींना बोलवा, साहेब."

"झालं ना दुरुस्त? विषय कशाला वाढवता?"

"वाढवला तुम्ही, चारचौघांत. नाही बोलावलंत, तर काल स्क्रीन का काळे पडले ते रक्तपेढीच्या डॉक्टरीणबाईंना मी सांगते."

तेव्हा कुठे साहेबांनी निरोप धाडला, तोही शिपायाकरवी. मावशींनी त्याला पाणी दिलं आणि म्हणाल्या, "ज्या तोंडाने सगळ्यांसमोर काढलं, त्याच तोंडाने सगळ्यांसमोर बोलवा, म्हणावं."

साहेबांना ते तोंड अजून सापडलेलं नाही. जाऊने डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि "वर कळवते" म्हणाल्या. क्लस्टर मजेत चाललंय, मावशी घरी बसल्यात.

आज देवापुढे हात जोडाल, तेव्हा तुमचं मागणं मागून झाल्यावर त्या मावशींचीही आठवण ठेवा.