सामायिक की खासगी

धरणाचे दरवाजे कधी उघडायचे हे सांगणारा फोर्ट्रान या जुन्या संगणकभाषेतला प्रोग्राम ताईने एकवीस वर्षं डोळ्यांत तेल घालून सांभाळला होता. गेल्या आठवड्यापासून मात्र त्याचं डोकं फिरलं होतं. तेच आकडे घातले तरी पाण्याची पातळी दर वेळी वेगळी. खापर अर्थातच ताईच्या डोक्यावर फुटलं. चार वाजता साहेबांकडे राजीनामा द्यायचा होता. कागद तयार होता. भाषा धाकट्या भावाने नीट करून दिली होती. भाऊही याच ऑफिसात, ताईनेच शब्द टाकून चिकटवलेला.

जाता जाता एकदा पाहावं म्हणून तिने प्रोग्रामची फाईल उघडली, आणि तिच्या पायांखालची जमीन सरकली.

तिचा एक नियम होता. एक काम आठ प्रोसेसरांना वाटून द्यायचं तर वर एक ठरावीक ओळ हवीच. ती असली की कम्पायलर, म्हणजे प्रोग्राम तपासून यंत्राच्या भाषेत उतरवणारा तो खडूस, एकेका व्हेरिएबलचा, म्हणजे आकडा ठेवायच्या जागेचा, जाब विचारतो: हे सगळ्यांचं सामायिक, की ज्याचं त्याचं खासगी? उत्तर मिळेपर्यंत हटत नाही. ओळ काढली की मात्र तोंडात मिठाची गुळणी धरतो आणि बहुतेक सगळं सामायिकच समजतो.

ओळ गायब होती. ताईने ती परत घातली. कम्पायलरने लगेच बोट ठेवलं ते भावाने नव्याने घातलेल्या व्हेरिएबलवर. आठही प्रोसेसर त्या एकाच जागी लिहीत होते आणि एकमेकांचं पुसत होते. ओळ काढल्याची नोंदही भावाच्याच नावावर होती.

तिने त्याला हाक मारली.

"ही ओळ तू काढलीस?"

"चुका दाखवत बसला होता गं तो. मला घाई होती."

"आणि आकडे यानेच बिघडले, हे कधी कळलं तुला?"

"सोमवारी."

राजीनाम्याची भाषा त्याने बुधवारी सुधारली होती. 'वयोमानामुळे' हा शब्द त्याचाच. परक्याने केसाने गळा कापला असता तर ताईला एवढं लागलं नसतं.

"साहेबांना नको ना सांगूस, ताई. तुझी दोनच वर्षं उरलीत. माझं सगळं व्हायचंय अजून."

ताईने कागद त्याच्यापुढे सरकवला.

"'वयोमानामुळे' तेवढं खोड," ती म्हणाली, "आणि खाली माझ्या जागी तुझं नाव घाल. चार वाजता मी येते तुझ्याबरोबर."