काजळी फासलेला कोंबडा

प्रयागबाईचं डोकं सकाळपासून तापलं होतं. रावजी आबांची कोंबडी तिनं अर्धलीनं पाळली होती. कोंबडी त्यांची, दाणापाणी हिचं, पिलं निम्मी निम्मी. वर पहिली निवड मालकाची, आणि आज आबा निवडायला येणार होते. मुंगसामागं धावायचं हिनं आणि निवडायचं आबांनी. हा कायदा कुणी केला त्या मेल्याचं वाटोळं होवो.

एरवी तिनं सोसलंही असतं. पण औंदा तो कोंबडा निपजला होता. पांढरं अंग, त्यावर गळ्यापासून शेपटीपर्यंत काळे पट्टे. त्यासाठी तिनं इंदापूरहून सरकारी पांढऱ्या जातीचा कोंबडा आणला होता, आबांच्या कोंबडीच्या काळ्या तलंगांत, म्हणजे तरण्या माद्यांत, सोडला होता, पिलांतली पिलं निवडून पुन्हा जुळवली होती. बारामतीच्या बाजारात बाया हसायच्या, "प्रयागे, कोंबडीला लुगडं नेसवतीस व्हय?" हसू देत. घर सासऱ्याचं, रान दिराचं. ही पिसं तेवढी तिची होती. हा एक गेला की सगळं पाण्यात.

म्हणून तिनं तव्याची काजळी घेऊन त्याला पार काळा करून टाकला. आबा तांबडा, वजनदार बघून नेतील, असा तिचा हिशेब.

आबा आले, खुराड्यात डोकावले आणि खुलले. "ह्यो काळा दे. बैल बसला तवा म्हसोबाला काळ्या कोंबड्याचा नवस बोललोय. गावभर हुडकला, घावला न्हाय."

खरं सांगावं तर लबाडी उघडी पडते, न सांगावं तर कोंबडा जातो. दात खात ती म्हसोबापर्यंत मागोमाग गेली.

दत्तोबा गुरवानं कोंबड्यावर तांब्याभर पाणी ओतलं. कोंबड्यानं अंग झाडलं की देवानं घेतला, मग सुरी, अशी रीत.

"आबा, थांबा. ती काजळी हाय," प्रयागबाई म्हणाली.

तेवढ्यात कोंबड्यानं अंग झाडलं. आबांचं धोतर काळं झालं आणि पट्टे उघडे पडले.

"देवानं घेतला," दत्तोबा म्हणाला.

"देवासंगं लबाडी करतीस?" आबा कडाडले.

"तुमच्यासंगं केली आबा. देवासंगं न्हाय."

कोंबडा दत्तोबाच्या हातात आवरेना. आबा म्हणाले, "आता कापेस्तोवर तूच धर त्याला. तुझ्या हाताला निवांत ऱ्हातोय."

तिनं धरला. तो लगेच गप झाला. त्या गप होण्यानं तिच्या टाळूला आग लागली. कोंबडा काखेत मारून ती घराकडं चालू लागली.

"अगं, देवाचा हाय त्यो!" आबा मागून ओरडले.

"मग देवाला येऊ द्या माझ्या दारात," ती न वळता म्हणाली. "तुमी येऊ नका. आन् तुमची कोंबडी सांजच्याला धाडून देते."