शेंदराखालचा बाण

मी एक जुना वाटदाखव्या दगड आहे. नाशिकहून त्र्यंबकेश्वरला जाताना एका फाट्यावर मी उभा आहे. तुमच्यापैकी पुष्कळांनी मला पाहिलं असेल, काहींनी नमस्कारही केला असेल. मित्रांनो, तिथेच तर सगळा घोटाळा झाला.

मला रावजी पाथरवटाने घडवलं. फाट्यापासून दहा मिनिटांच्या वाटेवर, करवंदीच्या जाळीआड एक बारव होती, म्हणजे पायऱ्यांची विहीर. आत उतरलं की भर उन्हाळ्यातही अंगाला गारवा लागायचा. भिंतीत कोरलेल्या हत्तींची रांग पाण्यात उलटी दिसायची. नाशिकला येणारी माणसं रामकुंड, काळाराम, पांडवलेणी आणि त्र्यंबक करून परत जायची. बारव कुणाला ठाऊकच नव्हती. रावजीला याचं फार वाईट वाटे. म्हणून त्याने माझ्यावर 'बारव' अशी अक्षरं कोरली, खाली एक ठसठशीत बाण काढला आणि मला फाट्यावर रोवलं.

पुढे रावजी वारला. त्याची बायको झुंबरबाई रोज बारवेत उतरून पाला काढायची, पायऱ्या झाडायची. माझ्यामुळे अधूनमधून एखादी गाडी वळायची. एकदा कॉलेजात शिकवणाऱ्या मोहिनीबाई आपल्या विद्यार्थिनींना घेऊन आल्या. परतताना माझ्यापाशी थांबून म्हणाल्या, "हा दगड नसता तर आपण सरळ निघून गेलो असतो." त्या एका वाक्यावर मी कित्येक वर्षं काढली.

मग एका श्रावणात घात झाला. ब्रह्मगिरीच्या फेरीसाठी माणसं नाशिकहून चालत निघाली होती. एक थकलेली बाई मला टेकून बसली आणि उठताना मला कुंकू लावून गेली. मागून येणाऱ्याने कुंकू पाहिलं, त्याने फूल वाहिलं. तिसऱ्याने नारळ फोडला. संध्याकाळपर्यंत मी देव झालो होतो. आपल्याकडे त्याला एवढाच वेळ लागतो.

पुढच्या वर्षी तेलात कालवलेला शेंदूर आला. मग दरवर्षी नवा थर. आधी बाण बुजला, मागून अक्षरं. कुणी चांदीचे डोळे चिकटवले, कुणी वर पत्रा टाकला. आता गाड्या पूर्वीपेक्षा जास्त थांबत, पण माझ्यापाशीच. वळत एकही नसे. अहो, मागे बघा, असं मला ओरडून सांगावंसं वाटे. माणसं माझ्यासोबत फोटो काढून पुढे निघून जात.

गेल्या वर्षी रस्ता रुंद करायचं काम निघालं. देव मधे आला म्हणून रस्त्याने मला वळसा घातला. बारवेला मात्र कोण विचारतो? खोदलेला राडारोडा टाकायला जागा हवी होती. मुकादमाने फाट्यावर कुठे पाटी दिसते का ते पाहिलं आणि म्हणाला, "मागं नुसता खड्डा दिसतोय. टाका तिकडंच."

पहिला डंपर रिकामा झाला तशी झुंबरबाई विळा घेऊन माझ्याकडे धावत आली आणि शेंदूर खरवडू लागली. अक्षरं दाखवली की काम थांबेल, असं तिला वाटत होतं. दर्शनाला थांबलेल्या माणसांनी तिचा हात धरला.

"आजी, देवाला विळा लावता?"

"आवं, देव नाय हा. माझ्या मालकानं घडवलेला दगड हाय. त्याच्यावर लिवलंय, वाचा तरी."

"कुठे लिहिलंय? काहीच दिसत नाही."

"खाली हाय. जरा खरवडू द्या."

त्यांनी तिच्या हातातून विळा काढून घेतला. खरवडलेल्या जागी एकाने लगेच नवा शेंदूर फासला. चार दिवसांत बारव भरली. हत्ती, पायऱ्या, पाणी, सगळं गेलं.

मित्रांनो, कुठल्याही गावी फिरायला गेलात, तर गर्दी जिथून माघारी फिरते तिथे जरा थांबा. शेतात राबणाऱ्या एखाद्या बाईला विचारा, इथे अजून काय आहे? आणि हात जोडण्याआधी वाचा. मी हे सांगतोय खरा, पण कुणी ऐकेल अशी आशा मला उरलेली नाही.

काल झुंबरबाई आली. सगळ्या कचेऱ्यांचे उंबरे झिजवून झाले होते. ती माझ्यासमोर बसली. मग पदराच्या गाठीतलं कुंकू काढून तिने माझ्यावर वाहिलं आणि हात जोडले.

"देवा, लय झालं आता. तेवढी बारव मोकळी कर."

मी देव नाही, हे साऱ्या जगात एकट्या तिलाच ठाऊक होतं.