गाळाची चूक

सूनबाईंनी केलेल्या धरणातल्या गाळाच्या संगणकी मॉडेलवरून घरातच वाजलं. तीस वर्षांपूर्वी धरणाचा आराखडा सासऱ्यांनीच काढला होता. गाळ भिंतीपाशी तळाला जाऊन बसेल, असं गृहीत धरून त्यांनी तिथे त्याच्यासाठी ऐसपैस जागा राखली होती. आता सूनबाईंचा संगणक सांगत होता, की गाळ तिथवर पोचतच नाही. नदी जलाशयात शिरते त्या तोंडाशीच तो ठाण मांडतो आणि शहराच्या वाट्याच्या पाण्याची जागा खातो. पुराच्या दिवसांत पातळी खाली ठेवली, तर तो पुढे सरकला असता. पण त्यासाठी आधी धरण समितीला द्यायच्या अहवालात आराखडा चुकला म्हणायला हवं होतं.

"चुकलं कोणाचं?" सासऱ्यांनी चष्मा पुसत विचारलं. "जागा मी दिली होती. तो गेला नाही."

"बाबा, त्याला तुमचा आराखडा दाखवला होता का कोणी?"

"फाजीलपणा पुरे. अहवालातून 'चूक' हा शब्द काढ."

नवऱ्याने वर्तमानपत्रात आणखी खोल डोकं खुपसलं. शेवटी घरातल्या शांततेसाठी सूनबाईंनी लिहिलं, 'गाळाचे वर्तन अपेक्षेप्रमाणे आढळले नाही.'

समितीचा जीव भांड्यात पडला. दोषी सापडला होता आणि तो कुठल्याच खात्यातला नव्हता. आराखडा निर्दोष ठरल्यामुळे पातळी खाली ठेवण्याचं काही कारण उरलं नाही, म्हणून तो उपाय एकमताने फेटाळला गेला. सूनबाईंना मात्र गाळावर बारीक लक्ष ठेवायला सांगण्यात आलं.